चार शहरं, एक गाणं

आज सुट्टी, आणि आम्ही चार भावंडं चार शहरांत. व्हिडिओ कॉलवर एकत्र गायला बसलो, पण पहिल्याच ओळीत ताल सुटला. आवाज पोहोचायला साधारण ३० मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला की एका लयीत राहणं अवघड होतं. कॉलवर तर तो कितीतरी जास्त असतो. शिवाय पेटीचा लांबवलेला सूर अ‍ॅपला गोंगाट वाटतो, मध्येच गिळून टाकतं! मग ताईनं मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक ठोके देणाऱ्या साधनावर, पेटी रेकॉर्ड करून पाठवली. वायरच्या हेडफोनवर ती ऐकत, ठरलेल्या ठोक्यावर एक टाळी देऊन, प्रत्येकानं आपापला भाग गायला. टाळ्या जुळवत दादानं सगळे ट्रॅक एकत्र केले. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर एवढंच म्हणाले, "पुन्हा लाव."