ओहोटीपासून भरतीपर्यंत

आयोजकांना प्रदर्शनासाठी फोटो हवा होता: उडणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मागे मावळता सूर्य, पंख गुलाबी. मी आधीच सांगितलं होतं, ऐरोलीच्या खाडीतून सूर्य समोर, भांडुपच्या बाजूला मावळतो. त्याच्यापुढे पक्षी काळाच दिसणार. "बघा, जमलं तर," एवढंच उत्तर आलं.

मार्चमधली दुपार. पाणी उतरत असतानाच होडी काढली. पूर्ण ओहोटीला ती चिखलात बसते. थव्यापासून बऱ्याच अंतरावर नाखवांनी इंजिन बंद केलं. शेकडो पक्षी माना खाली घालून, उलट्या चोचीने चिखलपाणी गाळत होते. त्यांची ती अखंड कुजबुज ऐकू येत होती.

"अजून थोडं पुढे घेतलं तर उठतील का?" मी विचारलं.

"उठतील ना ताई. पण चिखल उघडा असतो तेवढाच वेळ त्यांना खायला मिळतो. पोटावर पाय कशाला द्यायचा?"

खाडीचा हा पट्टा २०१५ पासून अभयारण्य आहे, हे मला पाठ होतं. तरी मी ते विचारलं, याची लाज वाटली.

पाणी आटलं, होडी टेकली. मग कडेच्या तिवरांखाली, वर आलेल्या श्वसनमुळांच्या मधे, निवट्या दिसू लागल्या. मासाच, पण चिखलावर परांच्या जोरावर सरकणारा. अंग ओलं असेल तोवर कातडीतूनही श्वास घेणारा. डोकं डावीउजवीकडे फिरवत त्या चिखलावरचं शेवाळ खरवडत होत्या. रोहितही बरंचसं अशाच सूक्ष्म शेवाळावर जगतो, म्हणजे दोघांचं ताट एकच! तेवढ्यात दोन निवट्या समोरासमोर आल्या. तोंडं वासली, पाठीवरचे पर शिडासारखे ताठ उभे राहिले. मी होडीत पालथी पडून कॅमेरा जवळजवळ चिखलाला टेकवला. चौथ्या झटापटीला दोन्ही पर एकाच फ्रेममध्ये मिळाले. असा आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

"कालवण फक्कड होतं यांचं," नाखवा म्हणाले.

सहानंतर भरतीचं पाणी होडीखाली शिरलं. ते पक्ष्यांच्या पोटाला लागलं, तसे रोहित आपणहून उठले, आधी दहा-बारा, मग सगळा थवा. भरतीच्या वेळी ते नेरूळकडच्या पाणथळींवर विसावतात, तिकडेच वळले. सूर्य डोंगरावर टेकला होता. पक्षी काळेच आले, लांब माना आणि मागे ताणलेले पाय. शेवटचा पक्षी दिसेनासा झाल्यावर नाखवांनी इंजिन लावलं.