मुहूर्त नसलेली कामं

आज ऑफिसात कोणीतरी विचारलं, तू आधी कुठल्या सोलर कंपनीत होतीस? म्हटलं मंगल कार्यालयात. त्याला वाटलं चेष्टा करतेय.

खरंच मंगल कार्यालयात होते, बुकिंग, आचारी, मांडववाला, गुरुजी, बँड सगळं बघायचे. आता घरांच्या छतावर सोलर बसवणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर. इंटरव्ह्यूत सरांनी विचारलं की प्रोजेक्टचा अनुभव काय, तर मी सांगितलं मुहूर्त बारा सतराचा असतो आणि आचाऱ्याचा गॅस अकराला संपतो, तेव्हा जे करतो तेच. हसले आणि घेतलं. नशीब म्हणा.

पण एक फरक आहे जो मला आधी लक्षात आला नव्हता. लग्नात तारखेला सगळेच टरकून असतात, पाहुणे दारात असतात ना. इथे कोणालाच घाई नाही. फॅब्रिकेटर म्हणतो स्ट्रक्चर (पॅनेल ज्यावर बसतात तो सांगाडा) परवा, स्टोअरवाला म्हणतो पॅनेल आले की सांगतो (आणि सबसिडी हवी तर पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचेच लागतात, कुठलेही चालत नाहीत), मीटरचं महावितरणच्या हातात. यातला एकही माझ्या हाताखाली नाही, ओरडायचा अधिकार शून्य. मग मी काय करते, फॅब्रिकेटरला फोन करून "कधी होणार" विचारतच नाही, "दादा, गाडी किती वाजता पाठवू" असं विचारते. बँडवाल्यासोबत हेच चालायचं, याच्यासोबतही चालतं.

टेक्निकल भाग जमतोय हळूहळू. टाकीची सावली दुपारी एका पॅनेलवर पडली तरी त्याच्यासोबत जोडलेल्या बाकीच्यांची वीजही कमी होऊ शकते, हे मला आमच्या इलेक्ट्रिशियनने गच्चीवर उभं करून दाखवलं, मोबाईलवर आकडा खाली येताना बघितला तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. अर्थिंग मात्र अजून फक्त तोंडपाठ आहे.

खरी कामं अडतात ती कागदावर. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट किंवा त्याच्या वर ७८,००० सबसिडी मिळते म्हणून लोक उत्साहाने येतात, आणि लाईट बिल बघितलं तर ते वारलेल्या आजोबांच्या नावावर! सबसिडी जाणार ग्राहकाच्या खात्यात, मग आधी बिलावरचं नाव बदला, मृत्यूचा दाखला आणा, बाकी वारसांची संमती आणा, आणि संमती म्हटलं की दहा वर्षांपूर्वीची वाटणी बाहेर निघते. इथे कुठलंही सॉफ्टवेअर शिकून उपयोग नाही हो, लग्नघरात रुसलेल्या काकांना जेवायला बसवलेलं असेल तरच जमतं.

म्हणून मी सरांना म्हटलं, इंजिनिअर गच्ची मोजायला जायच्या आधी लाईट बिल, आधार आणि पासबुकचा फोटो मागवून घेऊ. आमचे इंजिनिअरसाहेब कुरकुरले, कस्टमर पळून जाईल म्हणाले. पळाला तर पळाला, स्ट्रक्चर चढवून मग महिनोन्महिने मीटरची वाट बघत शिव्या देण्यापेक्षा बरं. सर हो म्हणाले.

सध्या एक केस अशीच अडकलीय, चार वारसांपैकी तिघांच्या सह्या झाल्या, धाकटे काका फोनच उचलत नाहीत. पुतण्या म्हणतो सकाळी सातला मळ्यात असतात तेव्हाच रेंज असते. सातला लावते.