पुस्तकात पेन्सिलीने लिहिलेलं ७६.४

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आला तेव्हा त्याने माझ्यासाठी एक जुनं पुस्तक आणलं, तिकडच्या कुठल्यातरी लायब्ररीने काढून टाकलेलं. सायकलिंगवरचं, अमेरिकन रेसर ग्रेग लेमॉन्डचं, १९८७ चं. आत शिक्का, मागे तारखांची चिठ्ठी, पानं पिवळी पडलेली. तेव्हा मी गुडघ्याने बेजार होतो. पुण्यात माझ्या रोजच्या राईडला खडकवासला, रविवारी सिंहगड पायथा नाहीतर बोपदेव, आणि दर चढानंतर उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला ठणका लागायचा. सायकल घेतली त्या दुकानात सीट "बरोबर आहे" म्हणून सांगितलं होतं आणि मी वर्षभर त्याच सीटवर बसलो.

पुस्तकात सीटच्या उंचीचं प्रकरण उघडलं तर समासात पेन्सिलीने लिहिलेलं, ८६.५ आणि खाली ७६.४. एवढंच. मला आधी काही कळलं नाही, मग मजकूर वाचला. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वर घट्ट दाबून धरायचं, जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं आणि त्या आकड्याला ०.८८३ ने गुणायचं. जे येईल ते क्रँकच्या, म्हणजे पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्याच्या, मधल्या बिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. म्हणजे तिकडे कोणीतरी, कदाचित तीस वर्षांपूर्वी, असंच भिंतीला टेकून उभं राहून मोजलं होतं आणि गुणाकार करून तिथेच लिहून ठेवला होता. मी बायकोला टेप धरायला लावली, माझं आलं ८२, म्हणजे ७२.४. माझी सीट ७० वर होती! अडीच सेंटिमीटरच्या आसपास खाली बसून मी वर्षभर चढ चढत होतो.

एकदम वर नाही केली, दर आठवड्याला तीन-चार मिलीमीटर केली, कारण बदल हळू करा हे ही पुस्तकं जवळपास सगळीच सांगतात. दीड-दोन महिन्यांत गुडघा शांत झाला. आता हा आकडा म्हणजे काही देवाची करणी नाही. तेव्हाचे बूट वेगळे, पेडल वेगळे, क्लिपलेस, म्हणजे पट्ट्याशिवाय बुटाला अडकणारे, पेडल नुकतेच आले होते, फ्रान्सच्या बर्नार इनोने १९८५ ची टूर द फ्रान्स लूक कंपनीच्या अशा पेडलवर जिंकली ती याच काळात. त्यामुळे ०.८८३ ही सुरुवात धरायची आणि मग स्वतःच्या पायाला विचारायचं. पण निदान सुरुवात तरी हातात मिळते, आणि ती घरच्या टेपने आणि शाळेतल्या गुणाकाराने मिळते, हे मला फार मोठं वाटतं.

त्यानंतर मला नादच लागला. बर्नार इनोने क्लोद जांझलिंगबरोबर केलेलं पुस्तक वाचलं, फ्रेंच १९८६ चं, इंग्रजी दोन वर्षांनी आलं. एडी बोरिसेविचचं १९८५ चं वाचलं, मूळचा पोलंडचा कोच, अमेरिकेच्या टीमला त्याने घडवलं, आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्या टीमला सायकलिंगची ९ पदकं मिळाली. त्यातल्या काही रायडरना दम वाढावा म्हणून रक्त चढवलं होतं हे नंतर बाहेर आलं, तेव्हा त्यावर बंदी नव्हती, पण मला ते वाचून वाईट वाटलं ते वाटलंच. तरी त्याची ट्रेनिंगची प्रकरणं मी टाकून देऊ शकत नाही, ती इतकी मेहनतीने लिहिलीत.

त्या काळच्या अमेरिकन रायडरचा आठवडा साधारण ठरलेला असायचा. सोमवारी आराम, मंगळवारी स्प्रिंट, बुधवारी इंटरव्हल (थोडा वेळ जोर, थोडा वेळ हलकं, असं परत परत), गुरुवारी लांब राईड, शुक्रवारी हलकं, शनिवार-रविवार रेस. पायाचा जोर मोजणारे पॉवर मीटर नाहीत, हार्ट रेट बघणारे सुद्धा मोजकेच. मग जोर किती लावायचा हे शब्दांत सांगावं लागायचं, श्वास कसा हवा, बोलता येतंय का, सकाळी उठल्यावर अंथरुणातच नाडी मोजा आणि रोजच्यापेक्षा बरीच जास्त लागली तर त्या दिवशी हलकं घ्या. मी अॅपवर दीड वर्ष ट्रेनिंग केलं, रोज समोर आकडा यायचा आणि मी तो पाळायचो, पण आज हे का आणि उद्या ते का हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. ह्या पुस्तकांत "का" साठी पानंच्या पानं दिलीत. मला वाटतं ती अजून विकत घेतली जातात ती ह्याच कारणासाठी, फक्त आठवणींसाठी नाही.

छोट्या गिअरचंच घ्या. सीझनच्या सुरुवातीला मोठ्या चेनरिंगला, म्हणजे पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्राला, हात लावायचा नाही, हलका गिअर ठेवून पाय भरभर फिरवायचे, ही जुन्या लोकांची शिस्त, आणि युरोपात तर हिवाळ्यात फिक्स्ड गिअरवर चालवायची पद्धत होती, त्यात पाय थांबवताच येत नाहीत, उतारावर सुद्धा फिरवत राहावं लागतं आणि पायाला गोल फिरायची सवय लागते. मी पावसाळा संपल्यावर सहा आठवडे फक्त छोट्या चेनरिंगवर चालवली. ग्रुपमधले पुढे निघून जायचे, मला फार जड गेलं ते बघत राहणं, पण डिसेंबरात बोपदेव चढताना पाय पहिल्यांदा हलके वाटले आणि मी वर जाऊन दहा मिनिटं नुसता उभा राहिलो.

चुकीचंही आहे ह्या जुन्या सल्ल्यांमध्ये, ते लपवत नाही. सगळ्यात घातक म्हणजे पाण्याबद्दलचं. पाणी कमी पिणारा रायडर पक्का, अशी समजूत सायकलिंगमध्ये कित्येक वर्षं होती आणि टूरमध्ये पाण्याच्या बाटल्यांवरसुद्धा बंधनं होती. १३ जुलै १९६७ ला टूरमध्येच फ्रान्समधल्या माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर भयंकर उन्हात ब्रिटिश रायडर टॉम सिम्पसन मरण पावला, त्यात अॅम्फेटामाइन हे उत्तेजक होतं, दारू होती, पण शरीरातलं पाणी संपणं हेही होतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये असं कोणी केलं तर काय होईल हे सांगायची गरज नाही.

आणि गंमत बघा, बरोबर सल्ला त्याच्याही कितीतरी आधी दिलेला होता. पॉल द व्हिव्ही, फ्रान्समधल्या सेंत-एतियनचा, वेलोसिओ ह्या नावाने लिहायचा, जन्म १८५३, गेला १९३० मध्ये. त्याचे सायकलस्वारासाठी सात नियम आहेत, त्यातले काही सांगतो. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या. भूक आणि झोप उडेल इतकं दमू नका. थंडी वाजायच्या आधी अंगावर घाला आणि उकडायच्या आधी काढा. पहिल्या काही तासांत तर अजिबात जोर करू नका. शेवटचा नियम, दाखवण्यासाठी म्हणून पेडल मारू नका. ह्यात परत परत येणारा "आधी" हा शब्द बघा, शरीर ओरडण्याच्या आधी त्याचं ऐकायचं. हाच माणूस गिअर बदलता येणाऱ्या सायकलींसाठी भांडत होता, आणि टूरने डिरेलरला, म्हणजे चालवताना साखळी सरकवून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, परवानगी दिली ती थेट १९३७ मध्ये.

लेमॉन्डच्या पुस्तकाकडे मी परत परत येतो त्याचं अजून एक कारण आहे. ते आलं त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकारीच्या अपघातात त्याला गोळी लागली, मरता मरता वाचला. १९८९ ला शेवटच्या दिवशी ५० सेकंद मागे होता आणि टूर ८ सेकंदांनी जिंकला, ट्रायथलॉनचा, पुढे वाकून हात टेकायचा हँडलबार लावून. माझ्याकडच्या १९८७ च्या प्रतीत तो हँडलबार कुठून असणार! त्यात फक्त १९८६ ची टूर जिंकलेला पंचविशीतला पोरगा आहे आणि तो मन लावून सांगतोय की सीट कशी मोजायची.

मी त्या ७६.४ च्या खाली माझं ८२ आणि ७२.४ लिहिलंय, पेन्सिलीनेच. गेल्या महिन्यात भाची तिची नवीन सायकल घेऊन आली तेव्हा तिसरी ओळ झाली, ७५ आणि ६६.२.

आता शोधतोय ते इटालियन ऑलिम्पिक कमिटीचं सायकलिंगचं पुस्तक, १९७२ मध्ये रोमला छापलेलं, जुने रायडर ज्याला नुसतं कोनी म्हणतात ते. ऑनलाईन किमती परवडत नाहीत. पुण्या-मुंबईत कोणाकडे असेल तर सांगा, मी येतो, तुमच्या घरी बसून वाचतो आणि तिथेच ठेवून जातो.