‘मी काहीच करं नही, भो’ : आमची वाटचाल

आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्याचं ब्रीदवाक्य ग्राहकांनीच ठरवून दिलंय. प्रोग्राम काल चालू होता, आज उघडत नाही. उघडलाच तर दोन मिनिटांत गायब होतो. आणि खुर्चीतून उठून मला जागा करून देता देता माणूस म्हणतो, “मी काहीच करं नही, भो. आपोआप बंद पडनं.” अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव, कुठेही जा, वाक्य तेच. एकवीस वर्षांत त्यात काना-मात्रेचा फरक पडला नाही.

२००४ साली अमळनेरच्या बसस्टँडच्या मागे दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला. त्याआधी दोन वर्षं एका एमएस-सीआयटी सेंटरवर शिकवत होतो. कॉम्प्युटर हा शब्द आमच्या गावाला नवा नव्हता. १९४५ साली इथेच वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून जी कंपनी सुरू झाली, तीच पुढे विप्रो झाली, आणि गावात जुने शेअर सांभाळून बसलेली घरं आहेत. आमचं घर त्यातलं नाही. वडील प्रताप मिलमध्ये होते. गाळ्याचं डिपॉझिट आईच्या पाटल्यांवर भरलं, एवढंच आमचं भांडवल.

तेव्हा या धंद्यात एकच औषध होतं, फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. प्रोग्राम उघडत नाही? फॉरमॅट. एक्सेल बंद पडतं? फॉरमॅट. तीनशे रुपये मिळायचे, दोन तास निळी पट्टी पुढे सरकताना दिसायची, आणि ग्राहकालाही काहीतरी काम झाल्यासारखं वाटायचं. मीही तेच करायचो. खोटं कशाला बोलू?

२००६ च्या मे महिन्यात मार्केट यार्डातल्या एका आडत्याचा हिशेबाचा प्रोग्राम सुरू होता होताच बंद पडायला लागला. मी ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि डेस्कटॉपवरचं सगळं सीडीवर घेतलं आणि मशीन फॉरमॅट केलं. प्रोग्राम पुन्हा टाकला. तो पुन्हा तसाच बंद पडला. आणि मग लक्षात आलं की त्या प्रोग्रामचा डेटा माय डॉक्युमेंट्समध्ये नव्हताच, सी ड्राइव्हवर प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये होता. दहा महिन्यांच्या शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या गेल्या.

बिघाड काय होता? आदल्या दिवशी त्यांनी जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर काढून ठेवला होता आणि नवा अजून जोडला नव्हता. प्रोग्राम सुरू होताना डीफॉल्ट, म्हणजे नेहमीचा ठरवून दिलेला प्रिंटर शोधायचा आणि तो सापडला नाही की बंद व्हायचा. पाच मिनिटांचं काम होतं.

आडतेकाका ओरडले नाहीत. त्यांनी कार्बन कॉपीची पावती पुस्तकं काढली, पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, “बस.” एकोणीस रात्री मी त्या गाळ्यात बसून पट्ट्या भरल्या. घरी सांगितल्यावर वडील एवढंच म्हणाले, की माग बंद पडला तर मिलमधला जॉबर, म्हणजे मुकादम, मागाला हात लावण्याआधी कामगाराला विचारायचा, आता काय केलंस? तू विचारलं होतंस का?

त्या पावसाळ्यात मी एक दोनशे पानी वही घेतली. तारीख, गिऱ्हाईक, प्रोग्राम, पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा, काल काय बदललं, आणि शेवटी काय निघालं. असे सहा रकाने आखले. पाचव्या रकान्यात ग्राहकाचं उत्तर नेहमी ‘काहीच नाही’ असतं, म्हणून त्याच्या खाली एक ओळ मोकळी सोडायला शिकलो.

सगळ्यात आवडता किस्सा एका जिनिंगमधल्या वजनकाट्याचा. दिवाळी नुकतीच झालेली, कापूस सुरू, गेटपासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर लागलेले, आणि काट्याचा प्रोग्राम आयकॉनवर क्लिक केलं की क्षणभर दिसून नाहीसा होतो. मालक दोनदा मोटारसायकल पाठवून चुकले होते. मी गेलो आणि विचारलं, काल काय बदललं? काटेवाला म्हणाला, काहीच नाही. टेबलाखाली वाकून बघितलं तर काट्याची वायर ज्या यूएसबी भोकात असायची तिथे मोबाइलचा चार्जर, आणि काट्याची वायर शेजारच्या भोकात.

आता यात झालं काय ते सांगतो. काट्याचा इंडिकेटर जुन्या सिरियल केबलने आकडा पाठवतो. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्ट नसतं, म्हणून मधे यूएसबीचा कन्व्हर्टर लागतो. विंडोज त्या कन्व्हर्टरला कॉम-३, कॉम-४ असा नंबर देतं, आणि भोक बदललं की बऱ्याचदा नंबरही बदलतो. प्रोग्राम बिचारा कॉम-३ चं दार ठोठावतोय आणि काटा बसलाय कॉम-५ वर. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ‘पोर्ट सापडलं नाही’ एवढी एक ओळ दाखवली असती तर माझी फेरी वाचली असती. पण बहुतेक जण ती लिहीत नाहीत. वायर मूळ जागी लावली, प्रोग्राम उघडला. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नंबर पक्का केला आणि त्या भोकावर लाल टेप लावली. मालकांनी विचारलं, “पैसे कशाचे? वायरच तं काढून लावली.”

हे आमच्या धंद्याचं खरं दुखणं. फॉरमॅटचे पैसे लोक हसत देतात, पण बिघाडाचं कारण शोधण्याचे पैसे द्यायला त्यांचा जीव होत नाही. दोन वर्षं मी त्यात तोट्यात होतो. शेजारचा दुकानदार दिवसाला चार मशीन फॉरमॅट करायचा आणि मी एका मशीनपुढे वही घेऊन बसलेला. बायकोने तेव्हा शिकवणीचे वर्ग घेतले म्हणून गाळा टिकला. शेवटी २००९ पासून सुट्ट्या कामांपेक्षा वर्षाचा करार करायला लागलो. जिनिंग, डाळ मिल, पतसंस्था, कॉलेजचं ऑफिस, दोन प्रेस. करारात मशीन जितकं कमी बंद पडेल तितका माझा फायदा, मग कारण शोधायला मीच उतावीळ. पहिला करार त्याच आडतेकाकांनी केला.

त्याच सुमारास इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे बिघाडांची नोंदवही, वाचायला शिकलो. विंडोजमध्ये तो कायमच असतो, पण कोणी उघडत नाही. त्यात ‘अ‍ॅप्लिकेशन’ या यादीत लाल खुणेची, १००० क्रमांकाची नोंद बघायची. तिच्यात दोन नावं असतात : कोणता प्रोग्राम पडला, आणि कोणत्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्याला लागणाऱ्या कोणत्या फाइलमध्ये पडला. पहिलं नाव आपल्याला ठाऊकच असतं, काम दुसऱ्याशी. कॉलेजच्या ऑफिसात फीचा प्रोग्राम पावती छापतानाच बंद पडायचा आणि दुसरं नाव निघालं प्रिंटर चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या फाइलचं. ड्रायव्हर बदलला, विषय संपला. मात्र तिथे एनटीडीएलएलसारखं विंडोजच्याच फाइलचं नाव आलं तर लगेच तिच्यावर आळ घ्यायचा नाही. प्रेत जिथे सापडलं तिथेच खून झाला असं थोडंच असतं.

आणि दर वेळी वेगळंच नाव, वेगळाच प्रोग्राम पडतोय असं दिसलं, की मी सॉफ्टवेअर सोडून पेचकस हातात घेतो. जिनिंगच्या ऑफिसात कापसाची तूस हवेतच असते. एका मशीनच्या पंख्यावर वातीसारखा कापूस गुंडाळलेला निघाला होता. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने पुसले, पंखा साफ केला, रात्रभर मेमरीची तपासणी लावली. तीनदा फॉरमॅट होऊन आलेलं मशीन होतं ते.

करंगळीच्या नखाएवढ्या कारणांची यादी केली तर वही संपेल. मदरबोर्डवरची तीन व्होल्टची बटन बॅटरी मेली की तारीख मागे जाते, मग लायसन्सवाला प्रोग्राम उघडायला नकार देतो आणि ब्राउझर प्रत्येक साइटवर संशय घेतो. लग्नसराईत फोटो स्टुडिओचं फोटोशॉप उघडत नाही, कारण अल्बमनी डिस्क भरलेली. कोरल ड्रॉ अडखळत असेल तर उघडताना एफ-८ दाबून ठेवायचं, तो मूळ मांडणीवर येतो. एक्सेल कंट्रोल दाबून उघडलं की सेफ मोडमध्ये उघडतं. तिथे चालत असेल तर दोष बहुधा एक्सेलला वरून जोडलेल्या एखाद्या अ‍ॅड-इनचा. आणि कितीतरी वेळा जुनीच प्रत मागे अडकून पडलेली असते, म्हणून नवी उघडत नाही. टास्क मॅनेजरमधून ती बंद केली की झालं. याचे आम्ही पैसे घेत नाही, फोनवरच सांगतो.

एका चुकीबद्दल मात्र सांगायलाच हवं. ‘व्हीसीरनटाइम१४० डीएलएल सापडत नाही’ असा संदेश आला आणि आमच्याच दुकानातल्या मुलाने कुठल्याशा साइटवरून ती एक सुटी डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणारी मदतनीस फाइल, उतरवून फोल्डरमध्ये टाकली. फाइलबरोबर जे काही आलं ते काढायला दोन दिवस गेले. ती फाइल मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल या फुकट मिळणाऱ्या पॅकेजमधून येते. प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर विंडोज ६४ बिटचं असलं तरी एक्स८६ वालं, म्हणजे ३२ बिटचंच लागतं. तेव्हापासून सुटी डीएलएल आमच्या दुकानात बंद.

प्रेसचं काम माझ्यापेक्षा आमच्याकडच्या पोरीचं. ती मारवडहून एसटीने यायची, बारावी सायन्स झालेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, त्याच्या आधीच्या आठवड्यात एका प्रेसमध्ये पत्रिका, फलक, पासेस यांचा ढीग होता आणि डीटीपीचा प्रोग्राम फॉन्टची यादी उघडली की बंद. मशीनवर हजारेक फॉन्ट. एखादी फॉन्ट फाइल खराब असणार हे मलाही कळलं होतं, पण एकेक काढून बघायचं म्हणजे संमेलनच उरकायचं. ती म्हणाली, “दादा, अर्धे काढू.” अर्धे काढले, प्रोग्राम चालला. म्हणजे दोषी काढलेल्यांत. त्यातले अर्धे परत टाकले. असं करत दहाव्या फेरीला एक फाइल हातात आली, कुठल्याशा लग्नपत्रिकेसाठी पेन ड्राइव्हवरून आणलेला फॉन्ट. पाऊण तास लागला. आता दुकानात सगळेच ‘अर्धे काढू’ म्हणतात. सुरुवातीला चालू होणाऱ्या प्रोग्रामांना, ब्राउझरच्या एक्स्टेंशनना, सगळ्याला तेच. ती सध्या पुण्यात नोकरीला आहे आणि आम्हाला तिची उणीव भासते.

लॉकडाऊनचं वर्ष शिक्षकांच्या लॅपटॉपवर गेलं, सगळं दुरूनच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. त्या दिवशी आमच्या एकाही ग्राहकाकडे ते सॉफ्टवेअर नव्हतं, तरी टीव्ही बघून सतरा फोन आले आणि एका डाळ मिलने खबरदारी म्हणून मेन स्विचच पाडला. हिशेबाची फाइल त्याने खराब झाली.

राहिली पतसंस्था. तिचा प्रोग्राम फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या भाषेत, विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारा. लोडशेडिंगच्या काळात वीज गेली की खाती शोधायची सूची, म्हणजे इंडेक्स फाइल, तुटायची आणि ठराविक सभासदाचं खातं काढलं की प्रोग्राम झोपायचा. इंडेक्स नव्याने बांधला की उठायचा. २०१२ मध्ये त्यांनी आठ जीबी रॅमचं नवं मशीन घेतलं, त्यावर ६४ बिट विंडोज ७. प्रोग्राम उघडेचना, कारण १६ बिटचा प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालतच नाही. ३२ बिट विंडोज टाकलं, कॉन्फिग डॉट एनटी या सेटिंगच्या फाइलमध्ये एका वेळी उघडता येणाऱ्या फाइल्सचा आकडा वाढवला, प्रोग्राम सुरू झाला. पण ३२ बिट विंडोजला तीन-सव्वातीन जीबीच्या पुढची रॅम वापरता येत नाही. चेअरमन आप्पांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, “पैसा आठना लिधात, अन् दिखतस तीनच?” त्यांना समजावण्यात माझा चहा गार झाला. नव्या मशीनवर डॉस चालवणारा डॉसबॉक्सही करून पाहिला, पण तो मुळात जुन्या गेमसाठी बनवलेला, पासबुकाच्या छपाईचं त्यात काही नव्हतं.

पुढे ३२ बिट विंडोज १० वर ढकललं. विंडोज ११ मात्र फक्त ६४ बिटमध्येच येतं, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. तेव्हा त्या दिवाळीच्या आधी दीड महिना आम्ही तिघं डेटा नव्या प्रोग्राममध्ये नेत होतो. जुन्या खात्यांत सभासदांची नावं तीन वेगवेगळ्या फॉन्टच्या लिपीत निघाली, ते एक वेगळंच रामायण.

जुनं मशीन आम्ही टाकलं नाही. नेटची वायर काढून ते कोपऱ्यात ठेवलंय, मागच्या नोंदी बघण्यापुरतं, आणि वर मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय : हात लावू नये. परवा गेलो तर त्याच्या यूएसबीला एक मोबाइल चार्जिंगला लावलेला. कोणी लावला, विचारलं. कोणीच लावला नव्हता.