सवय लागली का त्याला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. तुम्ही म्हणजे कोणी एक नाही. सोसायटीतलं हळदीकुंकू, शाळेचं गेट, लग्नातली पंगत, एकदा तर सराफ बाजारात पैंजण घेताना शेजारी उभी असलेली अनोळखी बाई. पोराच्या दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात दम्याचा पंप दिसला की पुढचं ठरलेलं. "अगं बाई, एवढ्याशाला पंप? सवय लागत असेल ना मग?"

बारा वर्षं हे ऐकते आहे. आधी समजावून सांगायचे, मग नुसती हसायचे, मग "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून विषय तोडायचे. चष्म्याची सवय लागते का, असा उलटा प्रश्न विचारायलाही शिकले होते. तेही आता सोडलंय, कारण ते उदाहरण पुरतं बसत नाही. चष्म्याचा नंबर सहसा आपोआप जात नाही, आणि पोरांचा दमा वयाबरोबर पुष्कळदा मागे हटतो. तेव्हा एकदाच बैजवार सांगते. मी कुठल्या औषध कंपनीची एजंट नाही, बँकेत काउंटरला बसते.

आधी एक कबूल करते. हा प्रश्न मला सगळ्यात पहिल्यांदा मीच विचारला होता.

लेक चार वर्षांचा असताना पहिल्या डॉक्टरांनी फाइलवर "ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस" लिहिलं. दुसरे म्हणाले, बाळदमा आहे, जाईल. तिसऱ्यांनी सरळ "दमा" म्हटलं, आणि मी दोन महिने त्यांच्याकडे फिरकले नाही. दमा म्हणजे बाजेवर बसून खोकणारे आजोबा, पंप म्हणजे शेवटची पायरी, हे डोक्यात इतकं घट्ट होतं. शेवटी २०१३च्या डिसेंबरात पंप सुरू झाले. एक निळा, धाप लागली की द्यायचा. दुसरा रोजचा, त्यात स्टिरॉइड, सकाळ-संध्याकाळ, स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळकांडी लावून. तो स्पेसर मी फ्रिजवर लसणाच्या टोपलीमागे ठेवायचे. पाहुणे आले की टोपली जरा पुढे ओढायची.

होळीपर्यंत पोरगं ठणठणीत झालं. रात्रीचा खोकला गेला, गोदाकाठी पतंगामागे पळायला लागलं. आणि मार्चमध्ये मी रोजचा पंप बंद केला. शाळेतल्या एका आईने सांगितलं होतं की स्टिरॉइडने उंची खुंटते. तिचा दोष नाही. तिने नुसतं सांगितलं, बंद मी केला. डॉक्टरांना विचारलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. पंप कपाटात, साड्यांच्या खाली.

सात महिने काही झालं नाही. हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण तुम्हीही म्हणाल, "बघ, काही झालं का?" दोन-तीनदा छाती वाजली, तेव्हा निळा दिला, दहा मिनिटांत मोकळा. निळ्याची मला भीती वाटत नव्हती. बटण दाबलं की काम, एवढा तो सोयीचा होता.

२०१४ची दिवाळी, पाडव्याची रात्र. फटाक्यांनी झालं असं आजही सगळे म्हणतात. मखमलाबाद नाक्याजवळच्या आमच्या गल्लीत त्या रात्री धूर होता हे खरं, पण त्याला सर्दी वसुबारसेपासूनच होती. नाक गळतंय, डोळे लाल, अंग कोमट. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी १९९५ साली ९ ते ११ वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास मी नंतर वाचला. दम बिघडल्याच्या पाचातल्या चार वेळांना नाका-घशात विषाणू सापडला होता, आणि त्यात सर्वांत जास्त साध्या सर्दीचाच. म्हणजे ज्याला आपण "थोडं पडसं आहे" म्हणतो, ते. फटाक्यांना मी माफ केलं असं नाही, पण सगळी बिलं त्यांच्या नावावर फाडणं मला सोयीचं होतं, म्हणून सांगितलं.

रात्री दहाला छाती वाजायला लागली. निळ्याचे दोन फवारे. बाराला पुन्हा. दीडला पुन्हा, पण आता दहा मिनिटांत मोकळं होत नव्हतं. तीनच्या सुमाराला तो पलंगावर उठून बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर चढलेले. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, मऊ पिठात अंगठा दाबावा तसा. "पाणी" हा शब्द त्याला एका दमात म्हणता येईना. पा, मग श्वास, मग णी. आणि सगळ्या खोलीभर ती घरघर, मांजर आणि बासरी यांच्या मधली.

सव्वातीनला घरघर थांबली.

मला वाटलं, सुटलो. देवाला हात जोडले, खरंच जोडले. त्याच्या पाठीशी लोड लावला, गोधडी ओढली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. त्या दोन-तीन मिनिटांचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. मी त्याच्या शेजारी बसून निवांत झाले होते.

सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या. दारातून म्हणाल्या, "आवाज का गं येत नाही त्याचा?"

"थांबला, आई. बरं वाटतंय आता."

त्या आल्या, खाली बसल्या, पोराच्या पाठीला कान लावला. मी त्यांचा चेहरा बघत होते, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग म्हणाल्या, "उचल. आधी उचल त्याला."

वाऱ्याला वाट अरुंद झाली की शिट्टी वाजते. वाटच जवळजवळ बुजली, वारा जाईना-येईना, की शिट्टी वाजायची कशी? डॉक्टर त्याला सायलेंट चेस्ट म्हणतात. सासूबाईंना हा शब्द माहीत नव्हता. त्यांनी येवल्याकडच्या त्यांच्या गावी वडिलांना असं गप्प होताना पाहिलं होतं, आणि नंतरचंही.

तळमजल्यावरच्या काकांनी रिक्षा काढली. होळकर पुलावर गार वारा, नदीवर धुरकट पांढरं काहीतरी, रविवार कारंज्यावर फुटलेल्या लवंगीचा लाल कागद रस्ताभर. पोराचे ओठ मला पिवळ्या दिव्याखाली नीट दिसत नव्हते आणि दिसू नयेत असंच वाटत होतं. दवाखान्यात बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजनचा आकडा ८६ आला. मास्क, ऑक्सिजन, वाफ, शिरेतून स्टिरॉइड, नंतर मॅग्नेशियमचं सलाईन. ज्या औषधाच्या दोन बारीक फवाऱ्यांना मी सात महिने घाबरले, तेच स्टिरॉइड त्या रात्री रक्तात भरभरून गेलं.

ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोजचा प्रिव्हेंटर चालू आहे ना?"

मी "हो" म्हणाले.

पुन्हा एकदा विचारलं, "रोज? चुकत नाही?" मी म्हणाले, "रोज." नवरा शेजारी उभा होता, त्यालाही तसंच वाटत होतं. पंप चालू असूनही एवढा झटका आला, असं फाइलीत लिहिलं गेलं. म्हणजे माझ्या खोट्यावर त्याचा पुढचा उपचार ठरणार होता. सकाळी साडेआठला मी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठून खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फाइल उघडली, ओळ खोडली, वर लिहिलं, सही केली. "बऱ्याच जणी बंद करतात," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी वाचायला लागले. शिकण्याची हौस वगैरे नव्हती, अपराधी माणूस वाचतो तसं वाचलं. उंचीचं आधी शोधलं. अमेरिकेत आणि कॅनडात १०४१ दमेकरी मुलांवर झालेली मोठी चाचणी आहे, निष्कर्ष २००० साली आले, आणि ती मुलं मोठी झाल्यावर उंचीचा हिशेब २०१२ साली. स्टिरॉइडचा पंप घेतलेली मुलं प्रौढपणी सरासरी १.२ सेंटीमीटर कमी भरली. म्हणजे शाळेतल्या त्या आईचं खरं होतं. खोटं नव्हतं हे मला फार लागलं. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. १.२ म्हणजे माझ्या करंगळीच्या रुंदीएवढं अंतर. तेवढ्यासाठी मी ते सात महिने केले. आता तो बापापेक्षा उंच आहे, पण हे सांगून मी जिंकत नाही. कोण जाणे, अजून करंगळीभर झाला असता.

त्याच चाचणीत आणखी एक आहे, जे पंपाच्या बाजूने बोलणारे लोक पटकन सांगत नाहीत. पंप चालू असेपर्यंत झटके कमी, दवाखाना कमी. बंद केला की काही महिन्यांत फायदा ओसरतो. फुप्फुसाची ताकद कायमची वाढवून वगैरे देत नाही. तेव्हा "सोडला की परत येतं, म्हणजे सवयच ना?" असं तुम्ही म्हणालात तर मी थोडी अडखळते. व्यसनासारखं शरीर त्याला मागत नाही, श्वासनळ्यांतली सूज होती तिथेच होती, एवढंच माझ्याकडे उत्तर आहे. ते तुम्हाला पटत नाही हे मला तुमच्या तोंडावर दिसतं.

पण मग तुम्ही गोळीला का भीत नाही? निळ्या पंपातलं औषध म्हणजे सॅल्ब्युटामॉल. त्याची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. चाळीसावा हिस्सा, तोही थेट छातीत. गोळी आणि सिरप घरोघर चालतं, कारण ते गिळतात आणि दिसत नाही. पंप चारचौघांत तोंडाला लावावा लागतो. माझं तरी दुखणं तेच होतं, लसणाच्या टोपलीमागचं.

आणि निळ्याला का भीत नाही? कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या रुग्णांच्या नोंदींवर २००० साली एक काम प्रसिद्ध झालं. वर्षभरात स्टिरॉइडच्या पंपाचा एकेक डबा जास्त वापरला, तसा दम्याने मरण्याचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी खाली गेला, आणि ज्यांनी तो थांबवला त्यांचे पहिले तीन महिने वाईट होते. २०१९ साली तर दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा या जागतिक संस्थेने बारा वर्षांपुढच्यांना नुसत्या निळ्यावर ठेवूच नका असं सांगितलं. निळा नळी उघडतो, आतली सूज तशीच वाढत राहते, आणि आपल्याला वाटतं बरं आहे. सवयीची भीती वाटायचीच असेल तर तिथे वाटू द्या. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्के भारतात, हा २०१९चा अंदाज वाचला तेव्हा मला परदेशातलं, हवेतलं काही आठवलं नाही. साड्यांखालचा पंप आठवला.

नाशिकची हवा छान आहे हो, मुंबईवाले येऊन सांगतात. निफाडचा पारा उतरला की आमच्याकडे रात्री किती जण उठून बसतात ते त्यांना ठाऊक नाही. रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत. माझ्या माहेरी दिंडोरीकडे द्राक्षाचं पॅकिंग चालू असताना पोराला शेडमध्ये नेत नाही, कारण पेटीत घडांवर ठेवतात त्या ग्रेपगार्डच्या कागदातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. बुरशीला तो मारक, आणि दम्याच्या माणसाला अगदी थोडाही झोंबतो. मामा म्हणतात, "आम्ही नाही का आयुष्य काढलं?" काढलं. त्यांना दमा नाही.

राहिलं एक. नातेवाइकांत अशी कथा पसरली की सासूबाईंनी अडुळशाचे काढे पाजून पंप बंद करायला लावला. ही कथा मी रचली नाही, पण कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं तेव्हा मी गप्प बसले. "जुनी माणसं, काय करणार," असं ऐकून मान हलवली. त्याही तिथेच बसल्या होत्या, गवार निवडत. काही बोलल्या नाहीत. पुढे सहा वर्षं बोलल्या नाहीत, २०२०मध्ये गेल्या तोवर.

काढा त्या द्यायच्या, खरं आहे. पण पंपाची वेळ झाली की "दे गं त्याला" म्हणून आठवण करणाऱ्याही त्याच होत्या, आणि मी "दिला" म्हणायचे. त्यांचे वडील दम लागला की धोतऱ्याच्या वाळल्या पानांची बिडी ओढायचे. हे ऐकून मी हसले होते. मग वाचलं, की धोतऱ्यात ॲट्रोपिन असतं, आणि त्याच्यापासूनच पुढे श्वासनळ्या मोकळ्या करणारं इप्राट्रोपियम हे औषध तयार झालं, जे त्या पहाटे पोराच्या मास्कमधल्या वाफेत होतं. हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

परवा नणंदेकडे जेवायला गेलो होतो. तिने नेहमीचं काढलं, "आईच्या काढ्यांनी तेव्हा..." आणि मी पहिल्यांदाच म्हणाले, "ताई, बंद मी केला होता. आईंना माहीतही नव्हतं." ती पोळी लाटता लाटता थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. पोळी तव्यावर टाकली, उलटवली, फुगवली, डब्यात ठेवली.

मग म्हणाली, "बरं, आता तरी सुटला का पंप? का सवयच लागली?"

डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोजचा दोन वर्षांपूर्वी थांबला. गेल्या हिवाळ्यात पुन्हा तीन महिने घ्यावा लागला. आता सोळाचा आहे, खिशात पंप घेऊन फुटबॉल खेळतो, आणि कोणी विचारलं तर माझ्यासारखं लांबण लावत नाही.

"थंडीत ठेवतो, ताई," मी म्हणाले.