आईंची गिरणी – घरी ऑक्सिजन मशीन वापरायचा माझा अनुभव

माझ्या सासूबाईंना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या आकसून कायम दम लागायचा फुप्फुसाचा जुनाट आजार. विडी-तंबाखूला आयुष्यात कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढं फुंकणी घेऊन बसल्या, शेणी न् तुरकाट्या जाळल्या, त्याचाच हा हिशोब असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. ॲडमिट केलं तेव्हा नुसतं बसून सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, बोटाला चिमटा लावून बघतात ते) ८४ टक्के होतं. डिस्चार्ज देताना म्हणाले आता घरी ऑक्सिजन लावायचा, मिनिटाला २ लिटरवर, दिवसातनं कमीत कमी १५ तास, झोपेतले धरून. आणि एक गोष्ट दोनदा सांगितली, की बोटावरचं रीडिंग ८८ ते ९२ च्या मध्ये राहिलं तरी बास, ९८ करायच्या नादाला लागू नका. ते तेव्हा मला काही कळलं नाही, मी फक्त मान हलवली.

मशीन भाड्यानं घेतलं, ५ लिटरवालं. वजन १५-१६ किलो, खाली चाकं. आणणाऱ्या पोराने प्लग लावला, नळी जोडली, सही घेतली आणि पाच मिनटात गेला पण. आमचं चुकलं ते इथंच.

तीन दिवस झाले तरी रीडिंग ८५-८६ च्या वर जाईना. मशीन तर चालू, घरघर चालू, दर काही सेकंदाला फुस्स करतंय (आई पहिल्या दिवसापासून त्याला गिरणीच म्हणतात), मग अडचण काय? मला वाटलं आईंचीच तब्येत बिघडली. शेवटी डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले आधी नाकातली नळी पाण्याच्या ग्लासात बुडवा, बुडबुडे येतात का बघा. बघितलं तर कसेबसे दोन-चार. ऑक्सिजन ओलसर करायला मशीनला जी पाण्याची बाटली असते तिचं झाकण वाकडं बसलेलं, सगळी हवा तिथूनच चाललेली! झाकण काढून नीट आट्यात बसवलं, बुडबुडे जोरात यायला लागले, पण रीडिंग ८६ चं ८७ झालं फक्त. मग माझ्या धाकट्या दिराने विचारलं, वहिनी हा पिवळा दिवा कसला आहे? आम्हाला वाटलेलं मशीन चालू असल्याचा दिवा!! तो ऑक्सिजनची शुद्धता कमी असल्याचा निघाला. भाड्यावाल्याला दहा फोन केल्यावर त्याचा माणूस मीटर घेऊन आला, २ लिटरवर ९३ च्या आसपास यायला पाहिजे होतं ते ७४ टक्के आलं.

त्या माणसाकडनंच कळलं की मशीनमध्ये ऑक्सिजन भरलेला नसतोच. आपल्या घरातलीच हवा ते ओढतं, तिच्यात ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. आत दोन नळकांडी असतात झिओलाइटच्या दाण्यांनी भरलेली, दाब दिला की ते दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढं जातो, मग दुसऱ्या नळकांड्याची पाळी आणि पहिल्यातला नायट्रोजन बाहेर सोडला जातो. ते फुस्स म्हणजे हेच. दाणे जुने झाले किंवा त्यांना ओल लागली की नायट्रोजन धरत नाहीत, मग मशीन नुसता वारा घालतं. आमचं मशीन हजारो तास चाललेलं होतं, मागं छोट्या मीटरवर तास दिसतात. म्हणून कुणी भाड्यानं घेत असाल तर तो तासांचा आकडा बघा आणि शुद्धता समोर मोजून घ्या, मगच सही करा. आम्ही ते परत दिलं आणि दुसरीकडनं नवीन विकत घेतलं. पैसे गेले, पण पहिल्याच रात्री ९० आलं.

मग सुरू झाली खरी मजा, म्हणजे मशीन घरात बसवणं. भिंतीला चिकटवायचं नाही, चारी बाजूनी फूटभर जागा पाहिजे. नळी लांब घेतली तर पलंगाच्या पायाखाली चेंबते, नाहीतर आमचा चिंटू तिच्यावर उभा राहतो. नवऱ्याने हौसेने गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणलं, ते परत पाठवलं, मेडिकलमधलं डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, रोज बदलायचं आणि बाटली धुवायची. मशीनची हवा गाळायची जाळी दर रविवारी साध्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावते. नाक कोरडं पडलं म्हणून आई व्हॅसलीन लावायला निघालेल्या, ते चालत नाही, ऑक्सिजनपाशी तेलकट काहीच नको, पाण्याचं जेल मिळतं ते आणलं.

आणि देवघर! मशीन ठेवलेली खोली आणि देवघर यात एक भिंतसुद्धा नाही. निरांजन, उदबत्ती, दोन्ही बंद म्हटल्यावर आई भडकल्याच. “म्हंजे मी दिवाबत्ती बी करायची न्हाई व्हय? मग ह्यो वारा घिऊन जगू कशाला?” दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण साडीच्या पदरात, पांघरुणात मुरतो आणि ठिणगी पडली की भडका उडतो, हे मी सांगून उपयोग नव्हता, नवऱ्याने सांगितल्यावर ऐकलं (कायमचंच आहे ते). शेवटी देवच उचलून पलीकडच्या खोलीत नेले, दिवा मी लावते, आई पलंगावरनं हात जोडतात. उदबत्ती मात्र घरातनंच गेली, धुराने खोकला व्हायचाच.

मध्ये पाहुणे आले होते, आईंना दम लागलेला बघून भाच्याने मायेने बटण ४ वर नेलं, रीडिंग ९७ झालं, सगळे खूश. संध्याकाळी आई नुसत्या पेंगायला लागल्या, हाक मारली तरी “हं” एवढंच, डोकं दुखतंय म्हणाल्या. तेव्हा डॉक्टरांचं बोलणं आठवलं. अशा काही पेशंटच्या अंगात कार्बन डायऑक्साइड आधीच साठलेला असतो, ऑक्सिजन फार दिला की तो आणखी वाढतो न् गुंगी येते. बटण २ वर आणलं, तसंच गाडीत घालून मिरजेला नेलं, वेळेत गेलो म्हणून निभावलं. आता बटणावर पट्टी चिकटवली आहे, “२. हात लावू नये.”

लाईटचं म्हणाल तर मशीन ३५० वॅटचं, आमच्या इन्व्हर्टरवर जेमतेम तीन तास निघतात. म्हणून एक छोटा सिलेंडर भरून ठेवलाय, १५०० लिटरचा, २ लिटरने बारा तास पुरतो. चावी त्यालाच सुतळीनं बांधली आहे, कारण पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा अंधारात चावी शोधत होतो.

बिल मात्र वाढलं, १६ तास धरले तर रोजचे साडेपाच युनिट. ते आईंच्या कानावर गेलं असणार, कारण मध्ये परत रीडिंग उतरायला लागलं. मी मागचा तासांचा मीटर बघितला तर दिवसाला नऊच तास पडत होते! आम्ही शेतावर गेलो की बाई गिरणी बंद करून बसायच्या. रागावले नाही. मीटर बघायला शिकवलं आणि सांगितलं, आई, उद्यापासून हिशोब तुमच्याकडं. आता रोज सकाळी त्या चष्मा लावून आकडा बघतात आणि कालनिर्णयवर दुधाच्या रतिबाशेजारी लिहितात, काल १७ भरले होते.