बॉयलरच्या आधी व्हॉल्व्ह तपासा

ब्रिटनमधल्या ज्या घरांत गरम पाण्याची टाकी अजून एअरिंग कपाटात (टाकीच्या उबेवर कपडे वाळवायच्या कपाटात) उभी आहे, तिथे हीटिंग बंद पडलं की पहिला संशय बॉयलरवर जातो. टाकीजवळच्या 22 मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपवर एक छोटा धातूचा डबा बसवलेला असतो, बाजूला लीव्हर आणि पाच वायरींची केबल. हा मोटराइज्ड व्हॉल्व्ह. आधी त्याच्याकडे बघा.

इथे ‘एस प्लॅन’ धरून लिहितो आहे: दोन व्हॉल्व्ह, एक रेडिएटरसाठी, एक टाकीसाठी. एकच तीन तोंडांचा व्हॉल्व्ह असेल तर तो ‘वाय प्लॅन’. त्याच्या वायरींचं गणित वेगळं आहे, खालच्या चाचण्या त्याला जशाच्या तशा लावू नका.

व्हॉल्व्ह दोन कामं करतो आणि ती वेगळी ओळखता आली की निम्मा शोध संपतो. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की मोटर स्प्रिंगविरुद्ध फिरून पाण्याची वाट उघडते. पूर्ण उघडल्यावर आतला मायक्रोस्विच दाबला जातो आणि तोच बॉयलरला आणि पंपाला सुरू व्हायला सांगतो. म्हणजे वाट उघडली तरी स्विच खराब असेल तर बॉयलर ढिम्म राहतो. मागणी थांबली की मोटरची वीज जाते आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते.

पहिली चाचणी हाताची. मागणी बंद असताना लीव्हर हळूच सरकवा. स्प्रिंगचा सलग जोर जाणवला पाहिजे. आता त्याच व्हॉल्व्हचा थर्मोस्टॅट वाढवा आणि अर्धा मिनिट थांबा. लीव्हर सैल झाला तर व्हॉल्व्ह उघडला आहे. जोर तसाच असेल तर मोटर फिरलेली नाही. मागणी नसतानाच लीव्हर सैल लागला, तर दांडा (मोटर फिरवते तो व्हॉल्व्हचा आस) उघड्या अवस्थेत अडकला आहे किंवा स्प्रिंग गेली आहे.

पुढची चाचणी मल्टिमीटरची, आणि ती चालू विजेवर होते. सवय नसेल तर इथेच थांबून इलेक्ट्रिशियनला बोलवा. करडी वायर कायम फेज असते, थर्मोस्टॅट बंद असला तरी. निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ, तपकिरी थर्मोस्टॅटकडून मोटरकडे, नारिंगी स्विचमधून बॉयलरकडे. मागणी चालू ठेवून जंक्शन बॉक्समध्ये मोजा. तपकिरी-निळीत 230 व्होल्ट नाहीत, तर दोष प्रोग्रामर (हीटिंगच्या वेळा लावायचं घड्याळ), थर्मोस्टॅट किंवा मधल्या जोडणीत आहे, व्हॉल्व्ह निर्दोष. वीज येते पण लीव्हर सैल होत नाही, तर मोटर जळली किंवा दांडा जाम. लीव्हर सैल आहे, करडीवर 230 आहेत आणि नारिंगीवर काही नाही, तर मायक्रोस्विच गेला.

नारिंगीच्या बाबतीत हमखास फसगत होते. एस प्लॅनमध्ये दोन्ही व्हॉल्व्हच्या नारिंगी वायरी एकाच टर्मिनलवर असतात. टाकीचा व्हॉल्व्ह उघडा असेल तर हीटिंगच्या मेलेल्या व्हॉल्व्हची नारिंगीही 230 दाखवते. म्हणून दुसऱ्याची मागणी पूर्ण बंद करूनच मोजायचं.

उलटा दोषही असतो: सगळं बंद करूनही बॉयलर पेटत राहतो. हा बहुतेक वेळा चिकटलेल्या स्विचचा किंवा न मिटलेल्या व्हॉल्व्हचा प्रताप. (आग विझल्यावर फक्त पंप थोडा वेळ फिरत असेल तर काळजी नको, अनेक बॉयलरमध्ये तशी सोय असते.) खात्रीसाठी हीटिंगला वीज देणारा, फ्यूज असलेला स्विच बंद करा, त्यातला 3 अँपिअरचा फ्यूज काढून खिशात ठेवा, वीज नाही हे मीटरने पाहा. मग संशयित व्हॉल्व्हची करडी आणि नारिंगी सोडवून त्यांच्यात रोध मोजा. व्हॉल्व्ह मिटलेला असताना तो जवळपास शून्य आला तर स्विच चिकटलाय.

मोटर की दांडा, हे व्हॉल्व्हचं डोकं (मोटर आणि स्विच असलेला वरचा डबा) काढल्याशिवाय कळत नाही. हनीवेलच्या ज्या व्हॉल्व्हच्या झाकणावर छोटा उंचवटा आहे, त्यांचं डोकं पाणी न काढता सुटतं. उंचवटा नसलेल्या जुन्या व्हॉल्व्हचे स्क्रू काढू नका, पाणी बाहेर येईल. वीज तोडून लीव्हर मॅन्युअलच्या खाचेत अडकवा, झाकण काढा, डोक्याचे दोन स्क्रू सोडवा. दांडा पकडीने हलक्या हाताने फिरला पाहिजे. घट्ट असेल तर नवीन डोकं घालून फायदा नाही, त्याची मोटरही त्याच दांड्याशी झगडून जाईल. दांड्याभोवती ओल किंवा हिरवट डाग असेल तर ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) गळते आहे. दोन्ही वेळी यंत्रणेतलं पाणी काढून अख्खा व्हॉल्व्हच बदलावा.

दांडा मोकळा असेल तर मोटरच्या दोन वायरी सोडवून रोध मोजा. मीटरवर काहीच वाचन येत नाही, म्हणजे वाइंडिंग तुटलं. फक्त मोटर वेगळी मिळते आणि ती स्वस्तात पडते. पण स्विचही जुनाच असेल, तर त्याच मॉडेलचं पूर्ण डोकं घेणं मला शहाणपणाचं वाटतं. मोटरी जळतात याचं कारण त्यांच्या रचनेतच आहे: व्हॉल्व्ह उघडा राहावा म्हणून मोटर पूर्ण वेळ वीज घेत एका जागी अडून राहते, तेही गरम कपाटात.

दांडा जाम होण्यामागे बहुधा पाण्यातला काळा लोहगाळ असतो. त्यामुळे पाणी काढलंच आहे, तर परत भरताना त्यात इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) घालायला विसरू नका. बॉयलरचं गॅसचं आवरण मात्र उघडू नका, ते काम गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाचंच.